ग्रंथ मोकळे झाले, वाचकापर्यंत कधी पोहोचणार?

प्रकाशन व्यवसाय संकटात आहे, अशी ओरड साहित्य संमेलनाच्या मांडवात दरवर्षी होते. कागद महागला, वाचक मोबाईलमध्ये गेला, हे खरेच आहे. पण आंबेडकरी समाजाचे दुखणे निराळे आहे. आमच्याकडे वाचक आहे. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानांपुढे होणारी गर्दी दुसऱ्या कोणत्या समाजाच्या वाट्याला आली आहे? जळगाव-धुळ्याचा मजूर जनरल डब्यात उभा राहून जातो आणि येताना पिशवीत पुस्तक आणतो. त्या पिशवीत नेमके काय येते, हा खरा प्रश्न आहे.

आधी कायदा समजून घेऊ. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे त्याच्या लेखनाचा हक्क राखीव असतो. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण १९५६ चे. म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले ग्रंथ १ जानेवारी २०१७ पासून कोणीही छापू शकतो. मात्र मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या लेखनाची साठ वर्षे प्रसिद्धीपासून मोजतात. 'रिडल्स इन हिंदुइझम' शासनाच्या खंडात १९८७ साली आले. त्याचा हक्क २०४७ अखेरपर्यंत राहतो. शिवाय मराठी अनुवादाचा हक्क वेगळा असतो. मूळ ग्रंथ मोकळा झाला म्हणून कोणाचाही अनुवाद उचलून छापता येत नाही. हे ठाऊक नसल्यामुळे आमचे होतकरू प्रकाशक अडचणीत येतात.

मोकळीक मिळाली ही चांगली गोष्ट. पण मजकूर मूळ ग्रंथाशी ताडून कोण पाहतो? परिच्छेद गाळलेले, अनुवादकाचे नाव नसलेले, कुठल्या आवृत्तीवरून घेतले याचा पत्ता नसलेले पुस्तक स्वस्त मिळाले, तरी ते चळवळीला महागच पडते. उद्या वाद उभा राहिला तर पुरावा म्हणून कोणते पान दाखवणार?

अधिकृत मजकूर देण्याची जबाबदारी शासनाने घेतली होती. १९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली इंग्रजी खंड निघू लागले आणि जगभरचे अभ्यासक त्यांचा आधार घेऊ लागले. पुढे काय झाले? डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला एका वर्तमानपत्राच्या बातमीची स्वतःहून दखल घ्यावी लागली. नऊ लाख प्रतींसाठी ५ कोटी ४५ लाखांचा कागद घेतला, छापल्या फक्त ३३ हजार, उरलेला कागद गोदामात पडून, असे ती बातमी सांगत होती. मागणी नाही म्हणून हे घडले, असे म्हणण्याची कोणाची छाती आहे?

लहान प्रकाशकाची कोंडी आणखी वेगळी. पुस्तकावर जीएसटी नाही, पण कागदावर आहे. आणि पुस्तक करमुक्त असल्याने तो कर वजा करून मिळत नाही. तरीही माणसे उभी राहिली. धुळे जिल्ह्यातील मोराणे गावचे प्रा. विलास वाघ यांनी पुण्यात सुगावा प्रकाशन चालवले. आमच्याच खान्देशातले भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांचा 'गोधड' हा संग्रह त्यांनीच काढला. २०२१ साली कोरोनाच्या काळात वाघ सर गेले. त्यांच्यानंतर ही जबाबदारी कोण पेलणार, हे खान्देशाने स्वतःला विचारले पाहिजे.

लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने संमेलन रद्द केले, तेव्हा १९३६ साली बाबासाहेबांनी ते न झालेले भाषण स्वखर्चाने छापले. पंधराशे प्रती दोन महिन्यांत संपल्या. आश्रयदात्याची वाट पाहिली असती तर 'जातिप्रथेचे विध्वंसन' जगापुढे आलेच नसते.

म्हणून आम्ही सुचवतो. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या प्रत्येक विहाराने जयंतीच्या वर्गणीतला एक वाटा ग्रंथखरेदीसाठी बाजूला काढावा. दहा-वीस विहारांनी एकत्र मागणी नोंदवली तर प्रकाशकालाही छापण्याचा धीर येईल. किती सार्वजनिक ग्रंथालयांत शासनाचे खंड आहेत, हे माहिती अधिकाराखाली जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना विचारावे. आणि पुस्तक घेताना किंमत पाहण्याआधी आतले पान उघडावे. अनुवादक, मूळ आवृत्ती आणि साल नसेल, तर ते पुस्तक तिथेच ठेवावे. वाचकाने नाकारलेला माल कोणताही दुकानदार दुसऱ्या वर्षी आणत नाही.