दोराची माळ आणि घडीची शिडी

खानदेशात शिडी दोन कामांसाठी हटकून लागते, धाब्यावर चढण्यासाठी आणि विहिरीत उतरण्यासाठी. धुळे व जळगाव जिल्ह्यांतील जुन्या घरांचे मातीचे सपाट छत, म्हणजे धाबे, उन्हाळ्यात झोपायला आणि पापड-कुरडया वाळवायला उपयोगी पडते; त्याची उंची ठरलेली असल्यामुळे अंगणात कायम टेकवून ठेवलेल्या बांबूच्या शिडीने तिथे भागते. विहिरीचा प्रश्न वेगळा आहे. धुळ्याकडे विहीर मुरूम आणि काळा पाषाण फोडून खाली न्यावी लागते, तर रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात तापीच्या गाळाचे थर जाड असल्याने पाणी फार खोल लागते. अशा खोलीला पुरेल एवढी ताठ शिडी घडवणे, शेतापर्यंत वाहून नेणे आणि विहिरीच्या तोंडातून आत सोडणे या तिन्ही गोष्टी जिकिरीच्या होतात. म्हणून गुंडाळता येणाऱ्या किंवा घडी घालता येणाऱ्या शिडीचा विचार माणसाने फार पूर्वीपासून केलेला आहे.

अशा शिडीकडून दोन परस्परविरोधी अपेक्षा असतात. नेताना ती लहान व्हावी आणि पाय ठेवताच ताठ राहावी. ताठ शिडीचा भार भिंत आणि जमीन वाटून घेतात, परंतु दोराच्या शिडीचा सगळा भार वरच्या एका गाठीवर किंवा खुंट्यावर येतो, आणि पायरी पुढे ढकलली गेली की चढणाऱ्याचे धड मागे कलते व शरीराचे ओझे हातांवर पडते. म्हणूनच अधांतरी लोंबणाऱ्या अरुंद शिडीवर सराईत माणूस हात शिडीच्या पाठीमागून घालून पायऱ्या धरतो आणि एक पाय पुढून तर दुसऱ्या पायाची टाच मागून अडकवतो, ज्यामुळे अंग शिडीला लगटून राहते.

दोराचा स्वभावही येथे महत्त्वाचा ठरतो. अंबाडी किंवा ताग पाण्यात कुजवून, झोडपून काढलेला वाख आधी एका दिशेने पिळतात आणि तयार झालेले पेड उलट दिशेने एकमेकांत वळतात. हे दोन पीळ एकमेकांना अडवून धरतात म्हणून दोर सुटत नाही. तरीही भार आला की पिळाचा दोर थोडा उलगडू पाहतो आणि त्याला टांगलेली वस्तू फिरू लागते. शिडीच्या दोन्ही बाजूंना एकाच पिळाचे दोर असतील तर ही फिरकी साचत जाते; एका बाजूला उजवा आणि दुसऱ्या बाजूला डावा पीळ घेतल्यास ती बऱ्याच अंशी निवते. दोराच्या शिडीच्या बाबतीत केलेल्या युक्त्यांपैकी ही सर्वांत स्वस्त आणि तरीही सर्वांत दुर्लक्षित युक्ती म्हणावी लागेल.

समुद्रावर वाटाड्या, म्हणजे पायलट, चालत्या जहाजावर ज्या शिडीने चढतो तिच्यात फिरकीवर दुसरा उपाय आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तिच्या प्रत्येक बाजूला किमान 18 मिलिमीटर जाडीचे दोन दोर असतात, पायऱ्यांमधील अंतर 310 ते 350 मिलिमीटर असते, आणि ठरावीक पायऱ्यांनंतर किमान 1.8 मीटर लांबीची एक आडवी फळी बसवतात. ही फळी दोन्हीकडे बाहेर आलेली असल्यामुळे जहाजाच्या अंगाला टेकते व शिडीला उलटू देत नाही. सगळी शिडी लवचिक ठेवून मोजक्या जागी ताठपणा परत आणायचा, हे या रचनेचे मर्म आहे.

गडकोटांच्या लढायांत याच गोष्टीला प्राणाचे मोल होते. मराठी इतिहासलेखनात तटावर दोराची शिडी टाकण्याला माळ लावणे म्हणतात. 1693 मध्ये नावजी बलकवडे यांनी सिंहगड घेतला तो माळ लावूनच. खानदेशाशी संबंध आलेल्या हुमायूनने मात्र 1535 मध्ये चांपानेरच्या गडावर दोराऐवजी पोलादी मेखा वापरल्या. कड्यात डावी-उजवीकडे ठोकलेल्या त्या मेखांवरून त्याची माणसे रात्री चढली आणि तो स्वतःही चढला. त्याच मोहिमेत पुढे तो फारुकींच्या बुऱ्हाणपुरापर्यंत आला. येथे कडाच शिडीचा ताठ भाग झाला आणि माणसांनी फक्त पायऱ्या वाहून आणल्या, ही कल्पना त्या काळासाठी खरोखर असामान्य होती. युरोपातही 1405 च्या सुमारास कोनराड कायझरच्या आणि 1472 मध्ये वेरोना येथे छापलेल्या रोबेर्तो वाल्तुरियोच्या युद्धशास्त्रीय ग्रंथांत तटावर चढण्याच्या नाना शिड्यांची चित्रे आली. कात्रीसारख्या तिरप्या पट्ट्या खिळ्यांनी जोडून लांबवण्याची कल्पना कागदावर फार मोहक दिसते. पण प्रत्येक खिळ्यापाशी थोडी ढिलाई असते, ती पट्टीगणिक वाढत जाते आणि वरचे टोक डोलू लागते.

विसाव्या शतकात 1930 च्या दशकात फ्रेंच गुहासंशोधक रोबेर द जोली यांनी दोराच्या जागी बारीक पोलादी तार आणि लाकडाच्या जागी हलक्या मिश्रधातूच्या पायऱ्या वापरल्या. पायरी जेमतेम एक पाऊल मावेल एवढीच ठेवल्याने ती शिडी गुंडाळून पाठीवरच्या पिशवीत नेता येऊ लागली. आज बाजारात मिळणारी ॲल्युमिनियमची सरकती शिडी याच्या उलट वाटेने जाते. तिच्या नळ्या एकात एक शिरतात आणि प्रत्येक पायरीखालची स्प्रिंगची खीळ नळीच्या भोकात बसून तिला ताठ करते. एखादी खीळ अर्धवट बसली तर वरची नळी भारासकट खाली घसरते. रंगाऱ्याचा घोडा, म्हणजे वर एकत्र जोडलेल्या दोन शिड्या, यात तेच काम मधली आडवी दोरी करते, आणि ती तुटली की दोन्ही पाय फाकतात.

विहिरीसाठी अजूनही दोराची शिडीच सोयीची आहे, मात्र तिच्यासोबत दुसरा स्वतंत्र दोर उतरणाऱ्याच्या कमरेला बांधून वर भक्कम खुंट्याला गुंतवलेला आणि जाणत्या माणसाच्या हाती असायला हवा. बंद पडलेल्या विहिरीत तळाशी विषारी वायू साठतो किंवा प्राणवायू कमी पडतो. त्याने शुद्ध हरपत चाललेल्या माणसाच्या हातांत पायरी धरण्याचे त्राण उरत नाही, त्यामुळे शिडी कितीही चांगली असली तरी त्याला वर आणण्याचे काम त्या दुसऱ्या दोरालाच करावे लागते.