कुलूप वाशिमला, किल्ली पुण्यात
लेखमाला : घर आणि कागद (भाग सहावा)

वाशिमच्या कुठल्याही जुन्या ले-आऊटमध्ये सकाळी चक्कर मारली, की एखादे तरी बंद घर दिसतेच. फाटकाला साखळी, साखळीला कुलूप आणि पावसाने गंजू नये म्हणून कुलपावर बांधलेला सायकलच्या ट्यूबचा तुकडा. किल्ल्यांचा एक जुडगा शेजारच्या काकूंकडे, दुसरा पुण्यातल्या फ्लॅटमधल्या कपाटात. महावितरणचे बिल अजून वडिलांच्या नावाने येते, आणि वडिलांना जाऊन सात-आठ वर्षे झालेली असतात.

हे घर आता विकायचे आहे. आई धाकट्या मुलाकडे पुण्यात, थोरला अमेरिकेत, बहीण अकोल्याला दिलेली. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी करून वडिलांनी 1985च्या सुमारास प्लॉट घेतला आणि दरसाल थोडे थोडे करत घर उभे केले. नावे बदलली, तर वाशिम, रिसोड, कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव किंवा मानोरा यांपैकी कुठल्याही गावातल्या शेकडो कुटुंबांची ही गोष्ट आहे. म्हणून या भागात हेच कुटुंब डोळ्यांसमोर ठेवून दूरच्या शहरातून घर कसे विकायचे, ते पाहू.

बहुतेकांच्या मनात पहिली काळजी रजिस्ट्रीच्या दिवसाची असते. कोण जाणार, सुट्टी कशी मिळणार, आईला एवढा प्रवास झेपेल का? खरे तर तो दिवस सगळ्यांत सोपा. व्यवहार अडतात ते त्याच्या कितीतरी आधी, कागदावरच्या नावापाशी.

घर विकण्याचा अधिकार कागदावर कोणाचा आहे, हे आधी पाहावे लागते. शहरातल्या घरासाठी भूमी अभिलेख कार्यालयाची आखीव पत्रिका काढायची. बाकी महाराष्ट्रात जिला मिळकत पत्रिका म्हणतात, तीच ही. आजकाल ती ऑनलाइन मिळते, तेव्हा पुण्यात बसूनही काढता येते. तिच्यावर वडिलांचेच नाव असेल तर आधी वारस नोंद करावी लागते. वडील मृत्युपत्र न करता गेले असतील, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई, दोन्ही मुलगे आणि मुलगी या चौघांचा वाटा सारखा. अकोल्याच्या बहिणीला ‘तिचं लग्न झालंय’ म्हणून वगळणे हा आपल्याकडचा फार जुना आणि फार महागात पडणारा प्रकार आहे. राहत्या घराची वाटणी मागण्यावर मुलींना जे बंधन होते, तेही 2005च्या दुरुस्तीने गेले. ती दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 पासून लागू आहे. बहिणीची सही नसलेले खरेदीखत घेऊन खरेदीदार बँकेत कर्जाला गेला, की बँकेचा वकील पहिले बोट तिथेच ठेवतो.

आखीव पत्रिकेवर आणखी एक गोष्ट पाहायची, ती म्हणजे जमिनीचा सत्ताप्रकार. अमरावती आणि नागपूर विभागांत नझूलच्या जमिनी पुष्कळ आहेत. घर बापजाद्यांचे आणि खालची जमीन सरकारच्या भाडेपट्ट्याची, असे असू शकते. तसे असेल तर पट्ट्याचे नूतनीकरण झाले आहे का आणि विक्रीला परवानगी लागते का, हे इसार घेण्याआधीच जिल्हाधिकारी कार्यालयात विचारून घ्यावे. इसार घेतल्यानंतर हे कळले तर खरेदीदाराचा विश्वास उडतो. मग भावही पडतो.

खेड्यातल्या घराची गोष्ट वेगळी. 2011च्या जनगणनेत वाशिम जिल्ह्याची लोकसंख्या 11,97,160 होती आणि शहरी वस्ती जेमतेम 17.66 टक्के. म्हणजे बंद घरांतली बरीचशी गावठाणातली. सातबारा शेतजमिनीचा असतो, त्यामुळे गावठाणातल्या बहुतेक घरांसाठी वर्षानुवर्षे ग्रामपंचायतीचा नमुना आठ हाच काय तो कागद होता. पण तो कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा नव्हे. ही उणीव भरून काढायला 24 एप्रिल 2020 रोजी केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली. गावठाणांची ड्रोनने मोजणी करून घराघराची पत्रिका बनवायची, हे तिचे काम. ड्रोनने गावठाण मोजण्याचा पहिला प्रयोग महाराष्ट्रातच, पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात झाला होता. मालक परगावी असेल तर मोजणी आणि चौकशीच्या वेळी त्याच्या बाजूने बोलणारे कोणी नसते. भिंत कोणाची आणि बोळ कोणाचा, हे त्या दिवशी जो हजर असतो त्याच्या सांगण्यावरून लिहिले जाण्याचा धोका राहतो. आपल्या गावात मोजणी झाली असेल, तर पत्रिकेवरचे क्षेत्र आणि नाव घर विकायचे नसले तरी तपासून घ्यावे.

वडिलांच्या लोखंडी पेटीत मूळ खरेदीखत सापडले, वाळवीने ते खाल्ले नसले, तर त्यावर ‘जिल्हा अकोला’ लिहिलेले दिसेल. यात घाबरण्यासारखे काही नाही. इंग्रजी अमदानीत वऱ्हाडात वाशिम हा स्वतंत्र जिल्हा होता, 1905 साली तो अकोल्यात विलीन झाला आणि 1 जुलै 1998 रोजी पुन्हा वेगळा झाला. मधल्या काळातले सगळे दस्त अकोला जिल्ह्याच्या नावाने आहेत. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर साधारण 2002 पासूनचे दस्त शोधता येतात. त्याआधीच्यासाठी स्थानिक वकिलाला दुय्यम निबंधक कार्यालयात बसून जुन्या सूच्या उलटाव्या लागतात. असा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट विकणाऱ्याने स्वतःच करून ठेवला, तर मोठी सोय होते. घर दाखवायला मालक हजर नसला, तरी कागद दाखवायला तयार असतात.

आता सहीचा प्रश्न.

स्थावर मिळकतीचा दस्त ती मिळकत ज्या दुय्यम निबंधकाच्या हद्दीत आहे तिथे नोंदवायचा, हा 1908च्या नोंदणी कायद्यातल्या कलम 28चा मूळ नियम. ‘एक राज्य, एक नोंदणी’ची घोषणा राज्य सरकारने 2025 मध्ये केली. तिचा लाभ आपल्या दस्ताला मिळतो का, हे तिकीट काढण्याआधी विभागाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे. मिळत नसेल, तर वाशिमला जाणे आले. सगळ्यांनी एकाच दिवशी हजर राहायला हवे असे मात्र नाही. सही केल्यापासून चार महिन्यांची मुदत असते आणि कलम 34 प्रमाणे वेगवेगळ्या दिवशी हजर राहून कबुली देता येते. बहीण अकोल्याहून मंगळवारी आली आणि भाऊ पुण्याहून शनिवारी कार्यालय उघडे पाहून आला, तरी चालते. हे माहीत नसल्याने कितीतरी घरांत तारखा जुळवण्यातच वर्ष निघून जाते.

ज्याला येणे शक्यच नाही, त्याने मुखत्यारपत्र द्यावे. विदर्भात ‘आममुखत्यारपत्र’ हा शब्द सर्रास वापरतात आणि गोची तिथेच आहे. आममुखत्यार म्हणजे सगळे अधिकार. घर विकण्यासाठी हवे ते एकाच घरापुरते, एकाच कामापुरते पत्र. त्यात घराचा नगर भूमापन क्रमांक, चतुःसीमा आणि किमान किंमत लिहावी. पैसे मालकाच्याच बँक खात्यात जातील, मुखत्याराला ते स्वीकारण्याचा अधिकार नाही, हेही स्पष्ट शब्दांत लिहावे. या एका वाक्याने पुढची अनेक भांडणे टळतात.

हे पत्र नुसत्या नोटरीच्या शिक्क्यावर पुरत नाही. मालकाच्या वतीने दस्त सादर करायचा, तर कलम 33 प्रमाणे मालक भारतात जिथे राहतो तिथल्या निबंधक किंवा दुय्यम निबंधकाने ते प्रमाणित केलेले असावे लागते. आई पुण्यात राहते, म्हणजे पत्र पुण्यात प्रमाणित होईल आणि वाशिमला वापरले जाईल. आईला जिना उतरवत नसेल तर कार्यालयाच्या गृहभेटीची सोय आहे. अर्ज केला की अधिकारी घरी येऊन अंगठा आणि सही घेतात. अमेरिकेतल्या थोरल्याने तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात किंवा नोटरीसमोर पत्र करावे. ते महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथला मुद्रांक भरायचा. हे तीन महिने लक्षात ठेवावेत, टपालातून आलेले पाकीट दिवाळीपर्यंत टेबलावर पडून राहते.

मुखत्यार कोणाला करायचे, याचे उत्तर मुद्रांक कायद्यातच दडलेले आहे. भाऊ, बहीण, आईवडील, पती-पत्नी अशा जवळच्या नातेवाइकाला मोबदला न घेता विक्रीचा अधिकार दिला तर मुद्रांक 500 रुपये. तोच अधिकार शेजाऱ्याला, मित्राला किंवा दलालाला दिला तर थेट खरेदीखताइतके मुद्रांक शुल्क लागते. कायदा करणाऱ्यांना यामागचा धोका माहीत होता. पूर्वी मुखत्यारपत्र हातात ठेवूनच घरे विकली जात, खरेदीखत होतच नसे. 11 ऑक्टोबर 2011 रोजी सूरज लॅम्प खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठामपणे सांगितले, की मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, ती नोंदणीकृत खरेदीखतानेच जाते. खरोखरच्या, घरातल्या माणसाला दिलेल्या मुखत्यारपत्रांना या निकालाने धक्का लावला नाही.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती वारली, की ते पत्र त्याच क्षणी संपते. ऐंशी वर्षांच्या आईने पत्र दिले आणि व्यवहार दोन वर्षे रेंगाळला, तर सगळे पुन्हा पहिल्यापासून. नोंदणीच्या वेळी मालक हयात आहे आणि पत्र रद्द झालेले नाही, असे घोषणापत्र मुखत्याराला द्यावे लागते. ते खोटे ठरले तर प्रकरण फौजदारीपर्यंत जाऊ शकते.

पुण्या-मुंबईत राहणाऱ्या धडधाकट माणसाने मुखत्यारपत्राच्या वाटेला जाऊच नये, असे स्पष्ट सांगावेसे वाटते. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने सकाळी वाशिमला पोहोचता येते. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग 5 जून 2025 रोजी पूर्ण खुला झाला. तो कारंजा, शेलूबाजार आणि मालेगावच्या बाजूने याच जिल्ह्यातून जातो. एक दिवस खर्चून स्वतःचा अंगठा स्वतः देणे सगळ्यांत निर्धोक. शिवाय घराच्या बाजारभावाचाही अंदाज येतो. पुण्यात बसलेल्याच्या मनात एकतर दहा वर्षांपूर्वीचा भाव असतो, नाहीतर पुण्याचा. दोन्ही चुकीचे. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर रेडीरेकनरचा दर पाहावा, त्याच ले-आऊटमध्ये अलीकडे झालेल्या दोन-तीन विक्रीच्या दस्तांची माहिती काढावी आणि मगच दलालाशी बोलावे.

हंगामाचेही भान ठेवावे. इथला गिऱ्हाईक पुष्कळदा शेतकरी किंवा शेतकऱ्याचा नोकरदार मुलगा असतो. पितृपक्षात कोणी सौदा करत नाही. सोयाबीन घरात आले, विकले गेले, की दिवाळीनंतर बोलणी सुरू होतात आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत चालतात. 1 एप्रिलला रेडीरेकनर बदलण्याची शक्यता असल्यामुळे मार्चअखेर निबंधक कार्यालयात पाय ठेवायला जागा नसते. आजारी आईला घेऊन जायचे असेल तर मार्च टाळावा.

इसार रोखीने घेऊ नये. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेण्यास 1 जून 2015 पासून आयकर कायद्याने मनाई आहे. आरटीजीएस 14 डिसेंबर 2020 पासून चोवीस तास सुरू असते. त्यामुळे बाकीची रक्कम खात्यात जमा झाल्याचा संदेश मोबाईलवर पाहूनच निबंधक कार्यालयातल्या यंत्रावर अंगठा ठेवता येतो. मुखत्यार वाशिमला आणि मालक पुण्यात असला, तरी हेच करायचे. मालकाने फोनवर ‘आले’ म्हटल्याशिवाय मुखत्याराने अंगठा द्यायचा नाही.

कराबद्दल थोडक्यात. वारशाने आलेल्या घराचा कालावधी वडिलांनी ते घेतल्यापासून मोजतात. 23 जुलै 2024 पासून दीर्घकालीन नफ्यावर 12.5 टक्के कर आहे. घर त्याआधीचे असेल, तर भारतात राहणाऱ्याला निर्देशांकासह 20 टक्क्यांचा जुना हिशेबही करून पाहता येतो. 2001 पूर्वीच्या घरासाठी 1 एप्रिल 2001चे मूल्य धरता येते, त्यासाठी मूल्यांकनकाराचा दाखला घ्यावा. अमेरिकेतल्या भावाच्या वाट्यातून मात्र खरेदीदाराला कर कापावाच लागतो, रक्कम लहान असली तरी. हे ठरलेल्या दिवशी कळले की सौदा मोडतो, म्हणून इसारपावतीतच लिहून ठेवावे.

रजिस्ट्री झाली, पैसे आले, तरी दोन कामे उरतात. नगरपरिषदेचा कर आणि विजेचे मीटर खरेदीदाराच्या नावावर झाले का, ते पाहायचे. आणि ताबापावतीवर सही घेऊन किल्ल्यांचे दोन्ही जुडगे द्यायचे, काकूंकडचासुद्धा.

पुढील भागात भावंडांमधले हक्कसोडपत्र आणि बहिणीचा वाटा हा विषय घेऊ. तोवर ज्यांचे घर गावाकडे बंद आहे, त्यांनी एवढे एकच काम करावे. या आठवड्यात आपल्या घराची आखीव पत्रिका किंवा नमुना आठ काढून त्यावर कोणाचे नाव आहे, ते वाचून ठेवावे.