सागाच्या खोडातील पावसाची वही

तोडलेला ऊस हाती घेतला की पाण्याची पाळी केव्हा चुकली ते आपण सांगतो. तिथली कांडी आखूड पडलेली असते. सागही अशीच नोंद ठेवतो, पण खोडाच्या आत.

उन्हाळ्यात सागाची पाने झडतात, वाढ थांबते. पाऊस लागला की सालीखालचा जिवंत थर जागा होतो व मोठ्या छिद्रांचे लाकूड तयार करतो. पुढे छिद्रे बारीक होतात, लाकूड घट्ट होते. हे दोन्ही मिळून वर्षाचे एक वलय. पाऊस चांगला तर वलय सहसा रुंद, अवर्षणात अरुंद.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी केरळातील सागांवरून १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची वलये जुळवली. हे काम २०१० साली प्रसिद्ध झाले. दुष्काळाच्या खुणा त्यात पुन्हा पुन्हा दिसतात.

आपण १९७२ चा दुष्काळ विसरलो नाही. पण तसली वर्षे फिरून येतातच, हे झाडही सांगते. म्हणून उसाचे क्षेत्र धरताना यंदाचा पाऊस नव्हे, विहिरीचा तळ बघावा.