सवय झाली म्हणून त्रास थांबत नाही

भिवपुरी रोड हे नेरळ आणि कर्जतच्या मधलं स्टेशन. तिथून मुंबईच्या ऑफिसात रोज जाणाऱ्यांना एक युक्तिवाद पुन्हा पुन्हा ऐकावा लागतो. शेजारच्या टेबलावरचा मोठमोठ्याने फोनवर बोलतोय अशी तक्रार केली की उत्तर तयार असतं : ‘रोज दोन तास लोकलच्या खडखडाटात झोपतोस आणि माझ्या बोलण्याचा त्रास होतो? होईल सवय!’ आजूबाजूचे हसतात, तक्रार करणारा गप्प बसतो आणि फोन चालू राहतो. युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण तो साफ चुकीचा आहे.

चूक कुठे आहे हे भिवपुरीतच समजून घेता येतं. टाटांचं इथलं जलविद्युत केंद्र 1922 पासून चालू आहे. ठोकरवाडी धरणाचं पाणी सह्याद्रीतून मोठमोठ्या नळांवाटे खाली येतं आणि टर्बाइन फिरवतं. केंद्राची क्षमता 75 मेगावॅट आहे. फिरत्या यंत्राचा आवाज मोठा असतो, पण एकसुरी असतो. मोठ्या आवाजाने कानाला इजा होते आणि कारखान्यांसाठी मर्यादा ठरवल्या आहेत त्या मुख्यतः त्यासाठी. लक्ष विचलित होणं ही मात्र वेगळी गोष्ट. सतत एकाच पट्टीत राहणारी घरघर मेंदू बऱ्याच अंशी बाजूला सारतो. रुळांचा ठेकाही तसाच. बोलण्यात मात्र क्षणाक्षणाला सूर बदलतो, अक्षर बदलतं, मध्येच थांबा येतो. असा बदलता आवाज, विशेषतः काही क्रमाने लक्षात ठेवायचं असेल तेव्हा, कामात घुसतोच. लोकलमध्ये झोपणाऱ्यालाही चाकांनी जाग येत नाही. शेजाऱ्याने स्पीकरवर व्हिडिओ लावला की येते.

शिवाय झोप लागणं आणि हिशेब जुळवणं ही एकाच प्रकारची कामं नाहीत. डुलकी घेणाऱ्याला काही लक्षात ठेवायचं नसतं. जीएसटीचं विवरणपत्र भरणाऱ्याला प्रत्येक आकडा डोक्यात धरावा लागतो.

यावर संशोधन जुनं आहे. कोल आणि वेल्श या मानसशास्त्रज्ञांनी 1976 मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांना अक्षरांच्या याद्या लक्षात ठेवायला दिल्या आणि मागे जर्मन भाषेतला मजकूर वाजवला. ऐकू नका, असं सांगूनही चुका वाढल्या. म्हणजे ‘मी तमिळमध्ये बोलतो, त्याला कुठे कळतं?’ किंवा ‘आमचं मराठी त्याच्या डोक्यावरून जातं’ या सबबीही निकालात निघतात. रोजच्या बोलण्याच्या पट्टीत आवाज थोडा कमीजास्त केल्याने फारसा फरक पडत नाही, हेही पुढच्या प्रयोगांत दिसलं. शेजारच्या खुर्चीपर्यंत शब्द स्पष्ट पोचत असतील, तर ‘मी हळूच बोलतोय’ हे उत्तर पुरेसं नाही. उठून बाहेर जाणं, दार लावून बसणं, हाच उपाय.

फोनचं बोलणं तर समोरासमोरच्या गप्पांपेक्षा वाईट. कॉर्नेल विद्यापीठातल्या लॉरेन एम्बरसन आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये हे तपासलं. लक्ष देऊन करायच्या कामात, दोघांचा पूर्ण संवाद कानावर पडला तेव्हापेक्षा एकाच बाजूचं बोलणं पडलं तेव्हा कामगिरी जास्त घसरली. ‘हो... नाही नाही... मग ती काय म्हणाली?’ एवढंच ऐकू येतं आणि उरलेला भाग मेंदू आपण होऊन जुळवत बसतो. त्याला अडवता येत नाही.

आता त्या ‘सवयी’बद्दल. इव्हान्स आणि जॉन्सन यांनी 2000 मध्ये 40 महिला कर्मचाऱ्यांना तीन तास कामाला बसवलं. काहींना शांततेत, काहींना मोकळ्या ऑफिसात असतो तशा साधारण आवाजात. आवाजातल्या गटाने आपल्याला जास्त ताण जाणवल्याचं सांगितलं नाही. पण त्यांच्या शरीरात ॲड्रेनलिनचं प्रमाण वाढलेलं होतं, न सुटणारं कोडं त्यांनी लवकर सोडून दिलं आणि बसण्याची ढब बदलणंही कमी केलं. ‘मला काही वाटत नाही’ असं मनापासून सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो. शरीराने मोजलेली किंमत त्याच्यापर्यंत पोचलेली नसते, एवढंच. म्हणून ‘कोणी तक्रार करत नाही’ हा पुरावा म्हणून पुढे करणाऱ्या व्यवस्थापकांनी तो करू नये. नव्याने लागलेली मुलगी वरिष्ठांच्या फोनबद्दल तक्रार करणार तरी कशी?

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘भिंती पाडल्या की माणसं एकमेकांशी बोलू लागतात.’ हार्वर्डच्या बर्नस्टीन आणि टर्बन यांनी 2018 मध्ये दोन मोठ्या कंपन्यांत मोजून पाहिलं, तेव्हा समोरासमोरचं बोलणं सुमारे 70 टक्क्यांनी घटलं आणि ईमेल वाढले.

‘हेडफोन घालून बसलेला माणूस शिष्ट.’ बहुतेकदा तो फक्त काम उरकायच्या मागे असतो. मात्र त्याने शब्दांची गाणी लावली असतील, तर लक्षात ठेवण्याच्या कामात तीही नुसत्या वाद्यसंगीतापेक्षा जास्त आड येतात.

‘डेसिबलच्या मर्यादेत आहे, मग तक्रार कसली?’ 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांतले व्यापारी भागासाठीचे दिवसाचे 65 डेसिबल हे परिसराचं मोजमाप आहे. शेजारच्याने कॉन्फरन्स कॉल स्पीकरवर घ्यावा की नाही, हे त्यात लिहिलेलं नाही.

‘फक्त एक सेकंद!’ म्हणत खांद्यावर थाप मारणाऱ्यांना तर हे सांगायलाच हवं. ॲल्टमन आणि सहकाऱ्यांच्या 2014 च्या प्रयोगात, ठरलेल्या क्रमाने करायच्या कामात सरासरी 2.8 सेकंदांचा व्यत्यय आला, तेवढ्यानेही क्रमाच्या चुका दुप्पट झाल्या. सुमारे 4.4 सेकंदांच्या व्यत्ययाने त्या तिप्पट झाल्या. विचारायचं ते घाईचं नसेल तर दोन ओळी लिहून पाठवाव्यात. समोरचा हातातली नोंद पूर्ण करतो आणि मग मान वर करतो.