मुंबई–लंडन हवाई अंतर व प्रवासकाल

भूपृष्ठावरील दोन स्थळांमधील किमान अंतर त्या स्थळांतून जाणाऱ्या बृहत् वृत्ताच्या लहान कंसाने मिळते. मुंबई (सु. १९° उ., ७३° पू.) व लंडन (सु. ५१.५° उ., ०°) यांना जोडणारा कंस पृथ्वीच्या मध्याशी सु. ६५° चा कोन करतो. बृहत् वृत्ताच्या एका अंशात ६० सागरी मैल असल्याने हे अंतर सु. ३,९०० सागरी मैल, म्हणजे सु. ७,२०० किमी. भरते. भिंतीवरील नेहमीच्या नकाशावर पट्टीने ओढलेली रेषा मात्र हा किमान मार्ग नव्हे. कंस तिच्या उत्तरेकडून वळसा घेतल्यासारखा दिसतो. तो कराचीजवळून बलुचिस्तान व इराण ओलांडतो. त्याचा मध्यबिंदू कॉकेशस पर्वतप्रदेशात येतो. पुढे काळा समुद्र, युक्रेन, पोलंड व जर्मनी यांवरून तो लंडनला पोहोचतो.

विमानाचा हवेच्या सापेक्ष वेग ताशी ९०० किमी. धरल्यास हे अंतर तोडण्यास ८ तास लागतील. तथापि मध्य अक्षांशांत मोठ्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतात. संपूर्ण मार्गावर ताशी १०० किमी. वारा आहे असे मानल्यास जाताना ९ तास व परतताना ७ तास १२ मिनिटे लागतील. या दोहोंची बेरीज वारा नसतानाच्या १६ तासांपेक्षा अधिक आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. वारा जाताना जेवढा वेळ खातो, तेवढा परतताना भरून देत नाही. चढण, उतरण व मार्गातील वळसे धरून प्रत्यक्षात मुंबईहून लंडनला साधारणतः साडेनऊ ते दहा तास, तर परतीस त्याहून सु. एक तास कमी लागतो.

घड्याळातील फरक यापासून वेगळा आहे. भारतीय प्रमाण वेळ ग्रिनिच वेळेच्या साडेपाच तास पुढे असते; ब्रिटनमध्ये उन्हाळी वेळ लागू असताना हा फरक साडेचार तासांचा होतो. त्यामुळे हिवाळ्यात मुंबईहून सकाळी ७ वाजता सुटलेले विमान दहा तासांनी उतरले, तरी लंडनला सकाळचे ११·३० वाजलेले असतात.

एअर इंडिया इंटरनॅशनलची या मार्गावरील सेवा ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ या लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमानाने सुरू झाली. कैरो व जिनीव्हा येथे थांबे असल्याने हे विमान १० जूनला लंडनला पोहोचले. विनाथांबा प्रवासात केवळ वेळच वाचला असे नाही. जिनीव्हाकडे उतरण्याचा मार्ग आल्प्समधून जात असे. मलबार प्रिन्सेस हेच विमान ३ नोव्हेंबर १९५० रोजी माँ ब्लाँवर आदळून त्यातील सर्व ४८ जण मृत्युमुखी पडले. २४ जानेवारी १९६६ रोजी त्याच पर्वतावर ‘कांचनगंगा’ हे बोइंग ७०७ कोसळले व अणुशास्त्रज्ञ होमी भाभा यांच्यासह ११७ जणांचा अंत झाला. पर्वताच्या सापेक्ष विमानाचे स्थान ठरविण्यात झालेली चूक या दुसऱ्या अपघातास कारणीभूत ठरली.

किमान मार्गाचा उपयोग राजकीय परिस्थितीवरही अवलंबून असतो. पाकिस्तानने २०१९ मध्ये काही महिने आपले हवाई क्षेत्र बंद ठेवले आणि एप्रिल २०२५ मध्ये ते भारतीय विमानांना पुन्हा नाकारले. युक्रेनचे आकाश फेब्रुवारी २०२२ मध्ये नागरी विमानांना बंद झाले. अशा वेळी विमाने अरबी समुद्रावरून ओमान व इराणच्या आखाताच्या बाजूने, पुढे तुर्कस्तानमार्गे जातात. अंतराबरोबर इंधनाचा साठाही वाढवावा लागतो व त्या वजनाच्या प्रमाणात माल वा प्रवासी कमी घ्यावे लागतात.