खोली पाहतो जुलैत, हिशेब धरावा एप्रिलचा

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या गावागावांतून अमरावती-अकोल्याकडे खोल्या शोधायला माणसं निघतात. कुणाच्या मुलीला कॉलेजात प्रवेश मिळालेला असतो, कुणाची नर्सिंगला जाते, कुणी स्पर्धा परीक्षेची तयारी करते. गटाच्या बैठकीत कर्जाचा अर्ज येतो, तेव्हा बाई सांगते, "खोलीचं भाडं तीन हजार आहे." आपण तेवढाच आकडा धरतो आणि तिथेच चुकतो. भाडं हा खोलीच्या खर्चाचा फक्त एक भाग आहे. बाकीचा खर्च राहायला गेल्यावर कळतो. आज त्याच छुप्या खर्चाबद्दल बोलू.

आधी हवेचं बघू. आपण खोली बहुधा जून-जुलैत पाहतो. पाऊस पडलेला असतो, हवा गार असते, टिनाचं छत असलं तरी खोली बरी वाटते. त्रास सुरू होतो मार्चपासून. अकोल्यात, अमरावतीत पारा 45 अंशांच्या वर जाणं काही नवीन नाही. टिनाखाली दुपारी बसवत नाही आणि रात्री झोप लागत नाही. परीक्षा नेमक्या त्याच दिवसांत असतात. म्हणजे कूलर घ्यावाच लागतो. म्हणून 500 रुपये स्वस्त मिळालेली टिनाची खोली वर्षाच्या शेवटी स्लॅबच्या खोलीइतकी, कधी त्याहून महाग पडते.

कूलर विजेवर चालतो आणि पाणीही पितो. साधा कूलर 200 वॉटचा धरला आणि 10 तास चालवला, तर दिवसाला 2 युनिट, महिन्याला 60 युनिट होतात. हिवाळ्यात पहाटे थंडी पडते, तेव्हा पाणी तापवायला रॉड लागतो. 1500 वॉटचा रॉड 20 मिनिटं लावला की अर्धा युनिट जातो, म्हणजे महिन्याला 15 युनिट.

आता युनिटचा दर. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या 100 युनिटांना दर कमी असतो, 101 ते 300 युनिटांना बराच जास्त. तुमच्या मुलीचा वापर 100 च्या आत असला, तरी एका मीटरवर चार खोल्या असतील तर सगळ्यांचे युनिट एकत्र मोजले जातात आणि बिल वरच्या दरात जातं. तो भार शेवटी भाडेकरूवर येतो. म्हणून विचारा: खोलीला वेगळं मीटर आहे का? सब-मीटर असेल तर युनिटला किती रुपये घेता? राहायला जाताना मीटरवरच्या आकड्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

पाण्याचं तर आपल्याला सांगायलाच नको. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा भागातल्या बायांना खारपाणपट्टा म्हणजे काय ते ठाऊक आहे. शहरातही एखाद्या घराची बोअर असली म्हणजे पाणी पिण्याजोगं असेलच असं नाही. "पाणी चोवीस तास आहे" असं कुणी म्हटलं, तर ते नळाचं की बोअरचं, हे विचारा आणि एक घोट पिऊन बघा. बोअरचं पाणी खारं असेल तर पिण्यासाठी कॅन विकत घ्यावी लागते. खाऱ्या पाण्याने कूलरच्या गवतावर क्षाराचा थर बसतो, ते लवकर बदलावं लागतं. उन्हाळ्यात नळ काही दिवसांआड येतो, मग टँकर बोलावला तर त्याचा वाटा कोण देणार? हेही आधीच ठरवा.

आता एक हिशेब मांडू. हे आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या गावाच्या मुलींचे आकडे तुम्ही घाला. समजा, दोन मुली एका खोलीत राहतात, भाडं 3,000 रुपये. वर्षाचे 36,000. मे महिन्यात मुली गावी येतात, पण खोली राखायची तर त्या महिन्याचंही भाडं द्यावंच लागतं. त्यावर हा खर्च:

वीज, युनिटला 10 रुपये धरून: मार्च, एप्रिल, जून 900 प्रमाणे 2,700, बाकीचे 8 महिने 400 प्रमाणे 3,200.
पिण्याच्या पाण्याची कॅन, रोज 20 रुपये: महिन्याला 600, 11 महिन्यांचे 6,600.
टँकरचा वाटा, दोन महिने: 600.
दलालाला अर्ध्या महिन्याचं भाडं: 1,500.
जुना कूलर: 3,500.

ही बेरीज होते 18,100. म्हणजे 36,000 ची खोली 54,100 ला पडली. प्रत्येक मुलीला 18,000 नाही, 27,050. यात गॅस, किराणा, येण्याजाण्याचं भाडं धरलेलं नाही. शिवाय दोन महिन्यांची अनामत 6,000 रुपये पहिल्याच दिवशी लागते. पहिलं भाडं आणि दलालाचे पैसे मिळवले तर दारात पाय ठेवतानाच 10,500 रुपये हवेत.

हा हिशेब आधी केला नाही तर काय होतं? पैसे कमी पडले की मुलगी घरी सांगत नाही. ती एक वेळचं जेवण टाळते, पुस्तक घेत नाही. पुढे घरचे म्हणतात, "झेपत नाही, परत ये." मुलासाठी शेताचा तुकडा गहाण पडतो, मुलीची मात्र खोली सुटते. म्हणून हा हिशेब बायांनी स्वतः करायला हवा.

कागदाचंही सांगतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 च्या कलम 55 प्रमाणे 11 महिन्यांचा करारही लेखी आणि नोंदणी केलेला असावा लागतो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची असते. तिचा खर्च कोण करणार ते मात्र बोलून घ्या. करारात चार गोष्टी हव्यातच: अनामत किती आणि कधी परत, रंगाचे पैसे कापणार का, विजेचा दर किती, आणि मध्येच खोली सोडली तर काय. दर महिन्याची पावती घ्या, किंवा भाडं खात्यातून पाठवा.

गॅस जोडणीला पत्त्याचा पुरावा नसेल तर 5 किलोचा छोटा सिलिंडर एजन्सीतून मिळतो. मोठ्यातून छोट्यात गॅस भरून घेऊ नका, ते बेकायदा आहे आणि जिवावर बेतू शकतं. कूलरचंही तसंच. खोलीला अर्थिंग आहे का ते बघा, आणि प्लग काढल्याशिवाय कूलरमध्ये पाणी भरायचं नाही, हे मुलीला बजावून सांगा.

खोली शोधण्याआधी शासकीय वसतिगृहासाठी अर्ज करा. तिथे जागा मिळाली नाही तर अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलींसाठी स्वाधार योजना आहे, आदिवासी मुलींसाठी स्वयं योजना आहे. व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या, अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. अटी आणि तारखा कॉलेजच्या कार्यालयात विचारा. भाड्याने राहतो हे दाखवताना तो नोंदणी केलेला करार कामी येतो.

तर बायांनो, पुढच्या बैठकीत एक करा. ज्यांच्या मुली आधीच शहरात राहतात, त्यांच्याकडून मार्च ते जूनचा खरा खर्च विचारून गटाच्या वहीत लिहून ठेवा. खोलीसाठी कर्जाचा अर्ज आला की ते पान उघडा आणि कर्ज वर्षाच्या हिशेबावर द्या, नुसत्या भाड्यावर नको. गावातल्या दोन-तीन मुली एकत्र राहिल्या तर कूलर एक, टँकरचा वाटा एक, आणि सोबतही होते. खोली बघायला जाल तेव्हा भर दुपारी जा, वर बघा, छत कशाचं आहे ते पाहा, आणि मगच इसार द्या.