विषारी दारू: पहिल्या काही तासांत वस्तीने काय करावं

मालाड पश्चिमेची मालवणी म्हणजे मुंबईचं एक टोक. पुढे मार्वे, आक्सा, मढ. रविवारी मौजमजेला येणाऱ्यांचे किनारे, बंगले, रिसॉर्ट. अलीकडे आपली कष्टकऱ्यांची वस्ती. किनाऱ्यावर बाटली येते ती दुकानातून, बिल घेऊन. वस्तीत येते ती प्लास्टिकच्या पिशवीतून. १७ जून २०१५च्या रात्री मालवणीच्या लक्ष्मीनगरात अशीच दारू प्यायलेली माणसं दुसऱ्या दिवसापासून मरू लागली. आकडा शंभराच्या पुढे गेला. बहुतेक सगळे मजुरी करणारे होते. त्याआधी डिसेंबर २००४मध्ये विक्रोळीत हेच घडलं होतं, ऐंशीहून जास्त माणसं गेली होती. मालवणीच्या खटल्याचा निकाल २०२४ साली लागला. चौघे दोषी ठरले, दहा सुटले.

पोलीस काय करत होते, एक्साइजवाले कुठे होते, हे प्रश्न विचारलेच पाहिजेत. पण आज आम्हाला दुसऱ्या एका गोष्टीबद्दल लिहायचं आहे. विषारी दारू पोटात गेल्यावर माणूस लगेच मरत नाही. मध्ये काही तास मिळतात. त्या तासांत कुणी काय केलं यावर बरंच ठरतं.

हातभट्टीच्या दारूत कमी पैशात जास्त 'किक' यावी म्हणून मिथेनॉल मिसळतात. ते कारखान्यात रंग, सॉल्व्हंट यांसाठी वापरायचं रसायन आहे. वासाने ते ओळखता येत नाही. काडी लावून ज्योतीचा रंग बघण्याची युक्ती काही लोक सांगतात, तिच्यावर अजिबात विसंबू नका. मिथेनॉल शरीरात गेलं की लिव्हर त्याचं फॉर्मिक अॅसिड बनवतं. मुंगी चावल्यावर जी आग होते, त्यातलं हेच अॅसिड. ते रक्तात साठतं, डोळ्यांची नस जाळतं, मग श्वास आणि मेंदू. दोन चमच्यांएवढं, म्हणजे दहा मिलीलिटर मिथेनॉलही नजर घालवू शकतं.

फसवणूक इथेच होते. हे अॅसिड साठायला बारा ते चोवीस तास लागतात, आणि सोबत साधी दारूही प्यालेली असेल तर आणखी उशीर होतो. म्हणजे माणूस रात्री पितो, झोपतो, सकाळी डोकं दुखतं, उलट्या होतात, पोटात कळा येतात. बायको म्हणते, उतरली नाही अजून, लिंबूपाणी दे. दुपारी तो म्हणतो, डोळ्यांपुढे धुकं आलंय, नीट दिसत नाही. संध्याकाळी श्वास जोरजोरात चालायला लागतो. साध्या हँगओव्हरमध्ये दुपारपर्यंत माणूस सुधारतो. इथे तो बिघडत जातो. दारूनंतर नजर अंधुक झाली, एवढं एकच लक्षण दिसलं तरी रिक्षा बोलवा किंवा १०८ला फोन लावा. सकाळची वाट बघू नका. गल्लीतल्या डॉक्टरकडे सलाईन लावून परत आणू नका.

न्यायचं कुठे? जवळच्या मोठ्या सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात, जिथे डायलिसिसची सोय आहे किंवा जिथून तशा ठिकाणी लगेच पाठवतील. तिथे मिथेनॉलचं रूपांतर थांबवणारं औषध देतात, रक्तातलं अॅसिड कमी करतात, गरज पडली तर डायलिसिसने विष बाहेर काढतात. यातली एकही गोष्ट घरी होत नाही. घरी मुद्दाम उलटी करवू नका, आणि 'काट्याने काटा' म्हणून वरून आणखी दारू पाजू नका. माणूस गुंगीत असेल तर कुशीवर झोपवा, तोंडात काही घालू नका.

नर्स म्हणून आम्ही कॅज्युअल्टीत उभं राहिलो आहोत, म्हणून एक गोष्ट कळकळीने सांगतो. नातेवाईक खरं सांगत नाहीत. "काल काहीतरी बाहेरचं खाल्लं," म्हणतात. लाज असते, पोलिसांची भीती असते. मग डॉक्टर पोटाच्या आजाराच्या मागे लागतात आणि वेळ जातो. पोलिसांत नोंद होईल, होऊ द्या. उपचार त्यासाठी थांबत नाहीत. सरळ सांगा: हातभट्टीची दारू, किती वाजता, किती, कुठून आणली. पिशवी किंवा बाटली उरली असेल तर सोबत न्या.

आणि लगेच पुढचा प्रश्न: त्याच अड्ड्यावर काल आणखी कोण बसलं होतं? एका अड्ड्यावरून एक माणूस आजारी पडला, तर घरोघर आणखी दहा जण 'उतरायची' वाट बघत पडलेले असतात. त्यांना शोधणं पोलिसांना जमत नाही, डॉक्टरांनाही नाही. कोण कुठे पितं, हे वस्तीतल्या बायकांना माहीत असतं. महिला मंडळाने एवढंच ठरवून ठेवावं की पहिली बातमी आली की दोघीजणी दवाखान्यात, चौघीजणी गल्लीगल्लीत. आरोग्य स्वयंसेविका रुग्णालयाला कळवेल, विहाराचे पदाधिकारी पोलीस ठाण्याला. विहाराच्या भोंग्यावरून सांगितलं तर पाच मिनिटांत अख्ख्या वस्तीला कळतं. भागीदारी हा मोठा शब्द आम्ही एवढ्यासाठीच वापरतो, की कुणाचं काम काय हे आधी ठरलेलं असावं.

अशी भागीदारी जगात कुठे झाली आहे का? झाली आहे, तीही समुद्रकिनाऱ्यावरच्या गावात. ऑस्ट्रेलियातलं सर्फर्स पॅराडाइज हे पर्यटकांचं ठिकाण. तिथे बारबाहेर रोज हाणामाऱ्या होत. १९९३ साली रहिवासी, पालिका, पोलीस आणि बारमालक एकत्र बसले. स्वस्त दारूच्या स्कीम बंद, झिंगलेल्या माणसाला आणखी दारू नाही, असे नियम मालकांनी स्वतः लिहून दिले आणि ते पाळले जातात का हे बघायला समिती नेमली. निरीक्षक बारमध्ये बसून मोजत होते. दर शंभर तासांमागे जवळपास दहा मारामाऱ्या होत्या, त्या वर्षभरात पाचाच्या आत आल्या. पुढे लक्ष ठेवणं सैल झालं आणि १९९६मध्ये आकडा परत आठाच्या वर गेला. आम्हाला यातला हा शेवटचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. मालवणीनंतरही धाडी पडल्या, काही जण निलंबित झाले, फोटो छापून आले. पण धाड एका दिवसाची असते. अड्डा चार दिवसांनी पलीकडच्या गल्लीत सुरू होतो.

म्हणून तक्रार करायची ती सारखी करायची. तोंडी नको, लेखी, एक प्रत पोलीस ठाण्यात, एक राज्य उत्पादन शुल्क विभागात, आपल्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेऊन. एका बाईच्या नावाने कधीही देऊ नका, अड्डेवाला तिच्या दारात येतो. तीस-चाळीस सह्या असू द्या. परवान्याचं दुकान असेल तर 'आडवी बाटली'चा कायदा आहे. प्रभागातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्या केल्या, तर पडताळणी होऊन गुप्त मतदान घेतात. गावात हे जमून गेलं आहे. मुंबईच्या प्रभागात पंचवीस टक्के म्हणजे हजारो सह्या, तेव्हा एका चाळीच्या बळावर हे होणार नाही, आजूबाजूच्या सगळ्या वस्त्या लागतील. त्यात सगळ्या जातीधर्माच्या बायका आल्या.

आता पिणाऱ्याबद्दल. दर पौर्णिमेला विहारात आपण पाचवं शील घेतो. ते घेणारा एखादा संध्याकाळी डुलत आला की त्याच्यावर टोमणे सुरू होतात. तो मग विहारात येणं सोडतो, पिणं सोडत नाही. व्यसन हा आजार आहे, असं आम्ही म्हणतो तेव्हा त्याला माफी देत नाही. बायकोला मारणं हा गुन्हा आहे, तो दारू पिऊन केला तरी गुन्हाच. त्यासाठी १८१ किंवा ११२वर फोन करा. पण आजाराला इलाज लागतो, एवढंच आमचं म्हणणं.

दोन घरगुती इलाज मात्र ताबडतोब बंद करा. एक, खोलीत कोंडून दारू तोडणं. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू अचानक थांबली, तर पहिल्या दिवशी हात थरथरतात, दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, ताप चढतो. यात माणूस मरतो. दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच तोडायची. तिथे गोळ्या आणि बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात. दुसरा इलाज म्हणजे जेवणात गुपचूप पावडर मिसळणं. 'नवऱ्याला न कळता दारू सोडवा' अशा जाहिराती लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या असतात. त्या पुडीत काय आहे ते कुणालाच माहीत नसतं. डायसल्फिरामसारखं औषध असेल आणि वरून तो प्यायला, तर छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, हृदयाच्या रुग्णाचा जीव जाऊ शकतो. हे औषध त्याला सांगून, त्याच्या संमतीने, डॉक्टरच देतात.

परळच्या केईएम रुग्णालयात व्यसनमुक्तीचा विभाग आहे. वांद्र्याला कृपा फाउंडेशन १९८१पासून काम करतं, पुण्यात मुक्तांगण १९८६पासून. १४४४६ या सरकारी हेल्पलाइनवर फोनला पैसे पडत नाहीत. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बैठकांना फी नसते, नाव-जात कुणी विचारत नाही. बायकामुलांसाठी अल-अनॉनचे वेगळे गट आहेत. त्यांना बसायला आठवड्यातून एकदा एक खोली लागते. संध्याकाळी सातनंतर विहाराचा हॉल बहुधा रिकामाच असतो. कमिटीच्या पुढच्या बैठकीत हा विषय ठेवा, आणि १०८ व १४४४६ हे दोन नंबर फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून घ्या.